घरचं इंजिनिअरिंग : आरपार भोक पाडण्याआधी

भिंतीत खिळा ठोकणं आणि भिंतीतून आरपार भोक पाडणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. खिळा चुकला तर त्यावर कॅलेंडर लावून झाकता येतो. आरपार भोक चुकलं तर ते दोन्ही बाजूंनी दिसतं, पावसाळ्यात त्यातून पाणी आत येतं, आणि चुकीच्या जागी असेल तर घराचा सांगाडाच दुखावतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात चुकलेला बदल मागे घेता येतो. भिंतीला ती सोय नाही.

आणि हल्ली असं भोक प्रत्येक घरात कधी ना कधी पडतंच. एसीचे पाइप, इंटरनेटची फायबर, सीसीटीव्हीची वायर, प्युरिफायरची नळी, स्वयंपाकघरातल्या चिमणीचा डक्ट. बहुतेक वेळा हे काम आपण करत नाही, कंपनीचा फिटर येऊन दहा मिनिटांत करून जातो. तरीही ते कसं करतात हे माहीत असायला हवं. फिटर गेल्यावर भिंत आपल्याचकडे राहते.

या लेखात सांगायचं ते एवढंच, की भोक सरळ आणि स्वच्छ येतं ते महागड्या मशीनमुळे नव्हे. मशीन सुरू करण्याआधी घालवलेल्या अर्ध्या तासामुळे येतं.

भिंत कशाची आहे?

आपल्या अंकाचे वाचक गावोगावी पसरलेले आहेत, आणि प्रत्येक गावची भिंत वेगळी आहे. आमच्या वडोदऱ्यात सपाट गाळाची जमीन, त्यामुळे विटांचं राज्य. इंदूरच्या जुन्या घरांत काळा दगड सापडतो, ग्वाल्हेरला वालुकाश्म, हैदराबादेत ग्रॅनाइट. गोव्यात आणि बेळगावच्या बाजूला जांभ्याचे चिरे. या जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली दिलं, तेही 'वीट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, कारण मलबारात लोक हा दगड विटांसारखा कापून वापरताना त्याने पाहिले होते. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कडक होतो. त्याच्या पोटात पोकळ्या असतात. ड्रिलचा बिट अशा पोकळीत घुसला की तिकडेच ओढला जातो आणि भोक वाकडं जातं. म्हणून चिऱ्याच्या भिंतीत घाई चालत नाही.

नव्या फ्लॅटमध्ये बहुधा तीन गोष्टी भेटतात : विटा, एएसी ब्लॉक आणि काँक्रीट. एएसी म्हणजे ते हलके, राखाडी-पांढरे, आत बारीक बुडबुडे असलेले ब्लॉक. त्यात हॅमर लावायचाच नाही, नुसतं फिरवूनच भोक पडतं. हॅमर लावला तर भोकाच्या कडा ढासळून भगदाड होतं.

प्लास्टर आणि रंगाखाली काय आहे हे कळणार कसं? बोटाने वाजवून थोडा अंदाज येतो, पण खरी खूण धूळ देते. आधी ६ मिमीचं छोटं भोक पाडा आणि बाहेर येणारी भुकटी पाहा. पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर प्लास्टरची राखाडी धूळ येईल. त्यानंतर लाल धूळ आली तर वीट. पांढुरकी येत राहिली आणि बिट लोण्यात गेल्यासारखा गेला तर एएसी. तपकिरी-लाल येतेय, बिट मधेच अडतोय, मधेच सुटतोय, तर जांभा. आणि राखाडी धूळ संपतच नाही, बिट कष्टाने पुढे सरकतोय, तर थांबा. ते काँक्रीट आहे.

कुठे पाडायचं नाही

काँक्रीट लागलं की मशीन मोठं आणण्याआधी आपण कुठे आहोत हे विचारायचं. कॉलम आणि बीम हे घराचे खांदे. त्यांच्या आत सळया असतात, आणि त्या पृष्ठभागापासून फार खोल नसतात. आयएस ४५६ या भारतीय मानकात कॉलमच्या सळईवर साधारणपणे किमान ४० मिमी काँक्रीटचं आवरण सांगितलं आहे. बीम आणि स्लॅबसाठी ते याहून कमी असू शकतं. म्हणजे प्लास्टर धरून जेमतेम दोन इंचांवर लोखंड. बिट सळईला लागला की आवाज बदलतो, किंचाळल्यासारखा होतो आणि भोक पुढे जात नाही. त्या वेळी जोर लावणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. सळई कापली गेली तर ताकद जातेच, शिवाय उघड्या पडलेल्या सळईला ओल लागते. गंज चढलेलं लोखंड फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं. हे दिसायला काही वर्षं जातात. तोवर भोक पाडणारा कोण होता हेही कुणाला आठवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आत्याच्या घरी एसी बसवायला माणसं आली होती. छताच्या जवळ, खिडकीच्या डाव्या हाताला पेन्सिलने खूण करून मोठी कोअर मशीन लावायच्या तयारीत होती. मी म्हटलं, आधी सहाचं भोक पाडून बघू. फिटर म्हणाला, "साहेब, सगळीकडे असंच करतो, दोन मिनिटांचं काम आहे." तरी त्याने ऐकलं. राखाडी धूळ आली, आणखी राखाडी आली, लाल काही येईना. खूण नेमकी बीमवर होती. आठ इंच खाली सरकलो आणि लाल धूळ आली. एसीचा इनडोअर युनिट आठ इंच खाली बसला, एवढाच फरक. आत्या म्हणाली, "अरे, एवढं बारीक भोक पाडायला काय लागतं? रोज का नाही करत हे?" त्यावर फिटरकडे उत्तर नव्हतं. त्याचाही दोष पूर्ण नाही. त्याला दिवसात किती एसी बसवले त्यावर पैसे मिळतात, किती बीम वाचवले त्यावर नाही. म्हणून हा प्रश्न आपण विचारायचा.

दुसरी मनाई विजेची. स्विचबोर्डपासून वायरचे पाइप बहुधा सरळ वर छताकडे जातात, काही वेळा खाली किंवा आडवे दुसऱ्या बोर्डाकडे. म्हणून बोर्डाच्या बरोबर वर, बरोबर खाली आणि त्याच उंचीवर आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही. नळाचंही तसंच. नळाच्या वरची-खालची आणि आडवी रेषा सोडायची. पण हा फक्त अंदाज आहे. जुन्या घरात कुणीतरी मधेच तिरपा पाइप नेलेला असू शकतो. त्यामुळे त्या खोलीचा एमसीबी बंद करायचा, टेस्टरने खात्री करायची आणि ड्रिलसाठी वीज दुसऱ्या सर्किटवरून एक्स्टेंशन बोर्डाने आणायची. घरात आरसीसीबी नसेल, तर भोकाआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बसवून घ्यावा असं मी म्हणेन. तीस मिलिअँपिअरची गळती ओळखून तो वीज तोडतो, आणि एखाद्याचा जीव त्यावर वाचू शकतो. पाइपच्या गॅससाठी लागणारं भोक तर गॅस पुरवणाऱ्यांच्या अधिकृत माणसांनीच पाडायचं. त्यात आपला प्रयोग नको.

दोन्ही बाजूंनी मोजा

भिंतीच्या आत जाताना सगळ्यांना दिसतं. पलीकडे कुठे बाहेर पडणार हे विचारणारे थोडे. गॅलरीतल्या मीटरवर, शेजारच्या कपाटात किंवा बाहेरच्या पाण्याच्या पाइपवर बिट निघाल्याच्या गोष्टी प्रत्येक इमारतीत आहेत.

मोजण्यासाठी दोन्ही बाजूंना दिसणारी एकच वस्तू घ्यायची. बहुधा ती खिडकी किंवा दाराची चौकट असते. आतून चौकटीपासून भोकाचं अंतर मोजा, तेवढंच बाहेरून मोजा. उंचीसाठी जमिनीवरून मोजू नका. बाल्कनी आणि बाथरूमची फरशी आतल्या फरशीपेक्षा खाली असते. उंचीही चौकटीच्या वरच्या किंवा खालच्या कडेवरूनच घ्या. खिडकी जवळ नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी, म्हणजे लेव्हल ट्यूब, उघड्या दारातून पलीकडे न्या. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीत असतं. ही युक्ती फार जुनी आहे आणि तिची बॅटरी कधी संपत नाही.

भिंतीची जाडी चौकटीपाशी मोजता येते. नऊ इंची विटांची भिंत, दोन्हीकडचं प्लास्टर मिळून दीड इंच धरलं, तर साडेदहा इंच, म्हणजे सुमारे २६५ मिमी. जुन्या वाड्यातली भिंत दीड-दोन फुटांचीही असते. त्या भिंतींत अनेकदा बाहेरून आणि आतून चांगली बांधणी आणि मधे खडी-मातीचा भराव असतो. तिथे हॅमरचे धक्के शक्य तितके टाळायचे. भराव सुटून आतल्या आत ओघळायला लागला तर भोक कधी संपतच नाही.

मशीन आणि बिट

घरी असतं ते साधं इम्पॅक्ट ड्रिल. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बारीक बारीक ठोके देतात. ठोके पुष्कळ असतात, पण हलके, आणि जोर आपल्याला लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये आत पिस्टन असतो, तो हवा दाबून एक लोखंडी ठोकळा बिटवर आदळतो. ठोके कमी, पण भारी. तिथे आपण फक्त मशीन धरून दिशा द्यायची. विटेतल्या एखाद्या छोट्या भोकाला साधं ड्रिल चालतं. नऊ इंच आरपार जायचं असेल, किंवा दगड-काँक्रीट असेल, तर रोटरी हॅमर भाड्याने आणणं शहाणपणाचं.

रोटरी हॅमरच्या बिटची दांडी खाचांची असते, त्याला एसडीएस म्हणतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९७५ च्या सुमारास आणली. घरगुती आकारात एसडीएस-प्लस येते, तिची दांडी १० मिमीची. बिट चकमध्ये थोडा मागे-पुढे सरकतो, त्यामुळे ठोका थेट बिटला बसतो. आपल्याकडे दुकानदार अशा बिटला 'विडिया बिट' म्हणतात. विडिया हे नाव 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून आलं. बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा बसवलेला असतो, कापतो तोच. तो तुकडा बोथट झाला असेल तर बिट बदला. बोथट बिट कापत नाही, घासत बसतो आणि तापतो.

एसीसाठी ६५ मिमीच्या आसपासचं मोठं भोक लागतं. त्याला डबीसारखा कोअर बिट वापरतात. हिऱ्याच्या कणांचा कोअर असेल तर हॅमर कधीच चालू करायचा नाही, नुसतं फिरवायचं. एवढा मोठा कोअर अडकला तर मशीन मनगट पिरगाळते. बाजूचं हँडल लावून, दोन्ही हातांनी धरून, जमिनीवर नीट उभं राहून काम करा. स्टुलावर एका पायावर उभं राहून नको.

सरळ कसं जायचं

एक हिशेब लक्षात ठेवा. २५० मिमीच्या भिंतीत बिट एक अंशाने कलला तर पलीकडे सुमारे साडेचार मिमी चूक होते. पाच अंशांनी कलला तर २२ मिमी. पाच अंश डोळ्यांना जाणवतसुद्धा नाहीत.

म्हणून लांब बिटने सुरुवात करायची नाही. लांब बिट टोकाशी नाचतो. आधी छोट्या बिटने दोन-तीन इंच नीट सरळ भोक पाडा. मग लांब बिट त्या भोकात घाला. आता त्याला वाट मिळालेली असते, तो त्याच वाटेने जातो. सुरुवातीला बिट टाइलवर किंवा गुळगुळीत रंगावर घसरू नये म्हणून खुणेवर मास्किंग टेप लावा आणि हळू फिरवून खाच पाडा.

काटकोन साधायला दोन घरगुती उपाय. पहिला, जुनी सीडी. ती सगळ्यांच्या घरी धूळ खात पडलेली असते. सीडी चकाकती बाजू आपल्याकडे करून भिंतीवर सपाट चिकटवा आणि बिट मधल्या भोकातून लावा. बिट आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसलं की बिट भिंतीला काटकोनात आहे. दुसरा उपाय म्हणजे माणूस. ड्रिल धरणाऱ्याला डावं-उजवं बरोबर दिसतं, वर-खाली दिसत नाही. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बाजूला उभं राहून "जरा वर, जरा खाली" सांगायचं. पाणसळ असेल तर ती मशीनच्या पाठीवर धरा.

दर इंचाला बिट फिरता ठेवूनच बाहेर काढा, म्हणजे भुकटी निघते. ती आत साठली तर बिट तापतो आणि अडकतो. एन-९५ मास्क आणि चष्मा घालाच. वीट, दगड, काँक्रीट यांच्या धुळीत सिलिका असते, आणि ती बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथून निघत नाही. दगडकाम करणाऱ्या कित्येकांना सिलिकोसिस याच धुळीने झाला आहे. आपलं एकच भोक असतं, पण लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. दुसऱ्याने व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड भोकाखाली धरलं तर आईची बोलणीही कमी बसतात.

पलीकडचा टवका

आतून सुबक गोल भोक, आणि बाहेर प्लास्टरचा बशीएवढा टवका उडालेला. हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. कारण सोपं आहे. वीट, प्लास्टर, काँक्रीट दाबाला भक्कम असतात, पण ताणाला फार कमजोर. काँक्रीटची ताणाची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा. बिट शेवटच्या सेंटिमीटरला पोहोचला की पुढचा पातळ थर कापला जाण्याआधी ढकलला जातो आणि खपली निघते.

उपाय असा. बिटवर भिंतीच्या जाडीपेक्षा २० मिमी अलीकडे इन्सुलेशन टेप गुंडाळा. टेप भिंतीला टेकली की हॅमर बंद करा, वेग कमी करा, जोर सोडा. याहून चांगलं म्हणजे बारीक पायलट भोक एकदा आरपार न्यायचं, आणि मग मोठं भोक दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पाडायचं. मधे एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी चालतं, ते कुणाला दिसत नाही. वरच्या मजल्यावर बाहेरून हात पोहोचत नसेल तर खाली माणूस उभा करून रस्ता मोकळा ठेवा. चौथ्या मजल्यावरून पडलेली विटेची कपची छोटी नसते.

सरळ म्हणजे आडवं नव्हे

बाहेरच्या भिंतीतलं भोक डावी-उजवीकडे अगदी सरळ असावं, पण बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. नऊ इंचांत ५ ते १० मिमी उतार पुरतो. एसीचं पाणी बाहेर जातं आणि पावसाचं आत येत नाही. उतार उलटा आला, तर पहिल्या मोठ्या पावसात आतल्या रंगाला पोपडे धरतात. मग लोक गच्चीचं वॉटरप्रूफिंग करत बसतात आणि पाणी येत असतं वायरीच्या भोकातून. वायर बाहेरून भोकात शिरण्याआधी तिला खाली थोडा झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं.

भोकात पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवणं उत्तम. उद्या दुसरी वायर घालायची तर पुन्हा ड्रिल नको. पाइपच्या बाहेरची फट विटांच्या भिंतीत सिमेंट-वाळूने भरा आणि बाहेरच्या तोंडाला सिलिकॉन सीलंट लावा. जुन्या चुन्याच्या भिंतीत मात्र सिमेंट नको, चुन्याचाच माल वापरा. चुना ओल सोडतो, सिमेंट ती अडवतं आणि ओल शेजारच्या जुन्या विटेत शिरते. मोठ्यांपैकी कुणाला विचारा, घर बांधताना कोणता माल वापरला होता ते बहुतेक त्यांना पाठ असतं.

फिटरला विचारायचे पाच प्रश्न

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर निदान एवढं विचारा :

१. हा बीम किंवा कॉलम तर नाही ना? आधी सहाचं भोक पाडून धूळ पाहू या.
२. पलीकडे नेमकं कुठे निघणार? बाहेर जाऊन खूण केली का?
३. या रेषेत वायर किंवा पाण्याचा पाइप नाही ना? एमसीबी बंद केला का?
४. उतार बाहेरच्या बाजूला आहे ना?
५. भोक बुजवणार कोण, आणि कशाने?

आमच्याकडे गवंड्याला कडिया म्हणतात. चांगला कडिया हे पाच प्रश्न ऐकून नाराज होत नाही, उलट त्याला बरं वाटतं की घरातल्या तरुण मंडळींना काही कळतं. जो नाराज होतो, त्याला मशीन खाली ठेवायला सांगा.

पुढच्या वेळी : भोक तर पडलं, आता त्यात वजन टांगायचं. कोणत्या भिंतीत कोणता प्लग आणि अँकर धरतो, आणि एएसीच्या भिंतीतून टीव्ही खाली का येतो, ते पाहू. तुमच्या गावच्या भिंतीचा काही वेगळा अनुभव असेल, विशेषतः चिऱ्याचा किंवा ग्रॅनाइटचा, तर जरूर लिहा.